ओल्ड मनाली : हॉस्टेलची पारख रात्री होते

ओल्ड मनालीतले हॉस्टेल निवडताना बहुतेक जण सकाळचे फोटो पाहतात. खिडकीतून दिसणारे बर्फाचे शिखर, गच्चीवरचा वाफाळता चहा, सफरचंदाच्या झाडाला बांधलेला झोपाळा, एवढे जमले की आरक्षण होऊन जाते. वास्तविक शिखर आणि सफरचंदाची बाग गावातल्या जवळजवळ प्रत्येक हॉस्टेलला आयती मिळालेली आहे. त्यात चालकाचे कर्तृत्व काहीच नाही. चालकाच्या हातात असते ती रात्र. दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंतचे चार-पाच तास तो कसे हाताळतो यावरच हॉस्टेल चांगले की वाईट हे ठरते, असे माझे मत वेगवेगळ्या हंगामांत तिथे राहिल्यावर पक्के झाले आहे, आणि हा आढावा त्याच अंगाने लिहिला आहे. तक्रारी लिहिताना हॉस्टेलांची नावे मुद्दाम टाळली आहेत, कारण तिथली व्यवस्थापक मंडळी हंगामागणिक बदलतात आणि पाटी तेवढी जुनी राहते.

मनाली शहर सुमारे २,०५० मीटर उंचीवर, बियास नदीच्या काठी वसलेले आहे आणि पर्यटकांची मुख्य गर्दी मॉल रोडच्या आसपास असते. तिथून क्लबहाऊसच्या बाजूने मनालसू नाला ओलांडला की ओल्ड मनाली सुरू होते. पुलापासून वर मनू ऋषींच्या मंदिरापर्यंत एक अरुंद, चढता रस्ता जातो, आणि हॉस्टेले, कॅफे, लोकरी टोप्यांची दुकाने, भाड्याच्या दुचाकी हे सगळे त्या रस्त्याला किंवा त्याच्या फाट्यांना चिकटून आहे. राहण्याच्या दृष्टीने या चढाचे तीन भाग पडतात. पुलाजवळच्या भागात सामान घेऊन चढावे लागत नाही आणि नाल्याचा खळखळाट इतका मोठा असतो की शेजारच्या कॅफेतले गाणे त्यात बुडून जाते. मात्र जुलै २०२३च्या पुराने बियास खोऱ्याची जी दशा केली ती पाहता, पावसाळ्यात पाण्याला लागून असलेली खोली मी घेत नाही. मधला भाग कॅफेंचा. तिथे राहणाऱ्याला रात्री फार चालावे लागत नाही, आणि रात्री लवकर झोपताही येत नाही. वरचा भाग म्हणजे मूळ गाव. दगड आणि देवदाराच्या तुळयांचे आलटून-पालटून थर रचलेली काठकुणी घरे, खाली गोठा, वर लाकडी सज्जा, अंगणात रचलेले सरपण, असे खरे गाव तिथे अजून शिल्लक आहे. पाठीवर साठ लिटरची सॅक असेल तर तो चढ चांगलाच दमवतो. पण माझ्या मते राहण्यासाठी तिन्हींत तोच भाग सर्वांत चांगला.

हॉस्टेलच्या इमारती अशा का असतात, हे समजायला एक कायदा माहीत असलेला बरा. हिमाचल प्रदेशाच्या १९७२च्या कुळवहिवाट व जमीन सुधारणा कायद्यातील कलम ११८ नुसार, जो त्या राज्यातला शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे दिल्ली, चंदीगड किंवा बंगळुरूहून आलेला तरुण जेव्हा हॉस्टेल काढतो, तेव्हा तो सहसा गावातल्या कुटुंबाची तयार इमारत काही वर्षांच्या भाडेकराराने घेतो. घर कुटुंबासाठी किंवा साध्या गेस्टहाऊससाठी बांधलेले असते. त्याच्या खोल्यांत प्लायवूडच्या भिंती घालून डॉर्म, म्हणजे अनेक खाटांच्या सामाईक खोल्या, केले जातात, कारण चार-पाच वर्षांनी सोडायच्या जागेत विटांची भिंत कोण बांधणार? शेजारच्या डॉर्ममधला माणूस कुशीवर वळला तरी आपल्याला कळते, त्याचे मूळ बहुधा या भाडेकरारात असते. आणि बरेचदा घरमालकाचे कुटुंब त्याच इमारतीच्या तळमजल्यावर किंवा अंगणापलीकडे राहत असते, ही गोष्ट आरक्षणाच्या पानावर कुठेही लिहिलेली नसली तरी रात्रीच्या गणितात फार महत्त्वाची ठरते. ज्या हॉस्टेलात मालकीणबाई जवळ राहतात, तिथे दहा वाजता आवाज उतरतो. फलकावर शांततेची वेळ कितीही मोठ्या अक्षरांत रंगवलेली असो, तिचा उपयोग मालकीणबाईंच्या एका हाकेच्या निम्मासुद्धा होत नाही.

खाटांविषयी थोडक्यात सांगते, कारण या बाबतीत तिथली हॉस्टेले आता बऱ्यापैकी सारखी झाली आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या झॉस्टेलसारख्या साखळ्यांनी देशात एक साचा रूढ केला आणि लहान हॉस्टेलांनीही तोच उचलला: चार ते आठ दुमजली बंक, प्रत्येकाला पडदा, उशाशी दिवा आणि प्लग, पलंगाखाली लॉकर. कुलूप स्वतःचे न्यावे. लॉकर मोठ्या सॅकला पुरेल की नाही हे विचारून घ्यावे, कारण पुष्कळ ठिकाणी त्यात केवळ लहान पिशवी मावते आणि मोठी सॅक दोन बंकांच्या मधल्या वाटेत पडून राहते. बंक लाकडी आहे की लोखंडी हेही विचारण्यासारखे आहे. लोखंडी शिडीच्या गोल कांबी थंडीत अनवाणी पायांना इतक्या झोंबतात की वरच्या बंकवरचा माणूस रात्री खाली उतरायचे टाळतो, आणि उतरलाच तर सगळा सांगाडा करकरतो. खोल्यांत ऊब येण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. जाड रजई मिळते, आणि फार तर पैसे भरून हीटर मिळतो. लाकडावर चालणारा लोखंडी तंदूर असलाच तर तो कॉमन रूममध्ये. गरम पाण्याची गोष्ट वेगळीच. आठ जणांमागे एक लहान गीझर असेल, तर हामटा किंवा भृगू लेकचा ट्रेक संपवून एकाच वेळी परतलेल्या मंडळींपैकी तिसऱ्या माणसापासून पुढे सगळ्यांना कोमट पाणी येते. ‘चोवीस तास गरम पाणी’ असे जिथे लिहिलेले असते, तिथे किती जणांमागे किती गीझर आहेत एवढेच विचारावे. उत्तर द्यायला जो घुटमळतो त्याचे हॉस्टेल टाळावे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे कॉमन रूमकडे वळते. ओल्ड मनालीतल्या हॉस्टेलची संध्याकाळ साधारण एकाच क्रमाने जाते. रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झाल्यापासून पलीकडचे लाहौल खोरे इतके जवळ आले आहे की निम्मे लोक दिवसभर बोगद्यापलीकडे सिस्सूला जाऊन येतात, आणि अंधार पडता पडता सगळे एकदम परततात. तंदूरभोवतीच्या गाद्यांवर जागा धरली जाते. कोणीतरी गिटार काढतो. आठच्या सुमारास हॉस्टेलचा एखादा कार्यकर्ता गोल करून बसायला सांगतो आणि प्रत्येकाने नाव, गाव व काम सांगायचे असते. त्यानंतर मॅफिया नावाचा खेळ सुरू होतो, ज्यात सगळ्यांनी डोळे मिटायचे, खेळातल्या खुन्यांनी खुणेने बळी ठरवायचा आणि मग बाकीच्यांनी खुनी ओळखायचा. हा खेळ मी इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या मंडळींबरोबर खेळले आहे की त्याच्यावरून हॉस्टेलचा अंदाज बांधता येऊ लागला आहे. सूत्रधार जाणकार असेल तर तो लाजऱ्या माणसाला बोलते करतो, वरचढ आवाजाच्या माणसाला थोडे आवरतो, आणि तासाभराने ज्यांना जेवायला बाहेर जायचे आहे अशांची एक टोळी आपोआप जमलेली असते. एकट्याने प्रवास करणाऱ्याला हॉटेलच्या खोलीत हे मिळणे शक्य नाही. दुप्पट पैसे देऊन स्वतंत्र खोली घेण्याची ऐपत असूनही मी डॉर्म घेते, ती या तासाभरासाठी.

सूत्रधार कच्चा असेल तर मात्र हाच तास असह्य होतो. आणि तो कच्चा असण्याची शक्यता बरीच असते, कारण हे काम बहुतेक ठिकाणी पगारी माणूस करीत नाही. खाट आणि जेवण यांच्या मोबदल्यात काही आठवडे काम करणारी तरुण मुले-मुली या हॉस्टेलांचा कणा आहेत. त्यांना स्वयंसेवक म्हटले जाते. स्वागतकक्ष सांभाळणे, फोटो काढणे, भिंती रंगवणे आणि संध्याकाळ रंगवणे ही सगळी कामे तीच करतात. त्यांच्यात काही खरोखर गुणी असतात. परंतु तीन आठवड्यांपूर्वी गावात आलेल्या मुलाला जोगिनी धबधब्याची वाट सांगता येईलच असे नाही, रात्री कोणी आजारी पडले तर कोणत्या दवाखान्यात न्यावे हे तर दूरच राहिले. माझ्या मते हॉस्टेलात किमान एक माणूस गावातला, पगारी आणि रात्री हजर असलाच पाहिजे. जिथे तो असतो तिथे जनित्र वेळेवर सुरू होते, पाण्याची टाकी उतू जात नाही, आणि दारू चढलेल्या पाहुण्याला हात धरून खाटेपर्यंत पोहोचवले जाते. एका हॉस्टेलात असा माणूस नव्हता. मध्यरात्रीनंतर कॉमन रूममधले स्पीकर कोणी बंद करायचे यावर दोन स्वयंसेवकांत वाद झाला आणि तो वाद गाण्यांपेक्षा जास्त वेळ चालला.

ज्या हॉस्टेलांनी स्वतःला ‘पार्टी हॉस्टेल’ म्हणवून घेतले आहे, त्यांच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, आणि त्याचे कारण सोवळेपणा हे नव्हे. पार्टीसाठी लागणारी जागाच या घरांत नाही. उघड्यावर, म्हणजे गच्चीत किंवा अंगणात, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धक लावायला २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी देशभर मनाई आहे. म्हणून दहाला गच्चीवरची मैफल खाली कॉमन रूममध्ये हलते, आणि कॉमन रूमच्या डोक्यावर असतो डॉर्म. लाकडी जमिनीतून गाण्याचे शब्द वर येत नाहीत, ठोका तेवढा येतो, आणि उशीला कान लावला की तो छातीत वाजू लागतो. पहाटे साडेचारला ट्रेकसाठी निघणारा माणूस प्लास्टिकच्या पिशव्यांचा चुरचुर आवाज करीत सॅक भरतो तेव्हा नुकतेच डोळे मिटलेले पार्टीवाले त्याला शिव्या घालतात. लेहच्या वाटेला लागणारे बुलेटवाले त्याच सुमारास अंगणात गाड्या सुरू करतात. दोष एकाचाही नसतो. ज्या हॉस्टेलने या तिघांना एका डॉर्ममध्ये घातले, दोष त्याचा. मला आवडलेल्या हॉस्टेलांपैकी एकात आरक्षण करतानाच विचारले होते की सकाळी किती वाजता निघणार, आणि लवकर निघणाऱ्यांसाठी दाराजवळचा वेगळा डॉर्म ठेवला होता. एवढी साधी युक्ती बाकीच्यांना सुचत नाही, याचे आश्चर्य वाटते.

इथे थोडे विषयांतर होईल, पण आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांना ते ओळखीचे वाटेल. महाराष्ट्रातल्या असंख्य ट्रेकर मंडळींनी कुल्लू जिल्हा प्रथम पाहिला तो यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या, म्हणजे वायएचएआयच्या, सरपासच्या मोहिमेत, कसोलच्या तळावरच्या तंबूत. तिथे रात्री गाणी होत, विनोद होत, गरम बोर्नव्हिटा मिळे आणि ठरलेल्या वेळी दिवे मालवले जात. दुसऱ्या दिवशी चढायचे आहे हे सगळ्यांना माहीत असे. रिचर्ड शिरमान या शिक्षकाने १९१२ साली जर्मनीतल्या आल्टेना किल्ल्यात कायमचे यूथ हॉस्टेल थाटले, तेव्हापासून चालत आलेली ही शिस्त आहे, आणि तिच्यात हॉस्टेल हे उद्याच्या चालीसाठीचे विश्रांतिस्थान असते. ओल्ड मनालीतल्या नव्या हॉस्टेलांनी विश्रांती मागे टाकून संध्याकाळ हाच विकायचा माल केला. यात वाईट काही नाही. वायएचएआयच्या तळावर मला कित्येकदा कंटाळाही आलेला आहे. मात्र तो तळ डोक्यात ठेवून एखादे मध्यमवयीन जोडपे ‘यूथ हॉस्टेलसारखेच असेल’ म्हणून इथे येते, तेव्हा त्यांची पहिली रात्र फार लांबते.

हॉस्टेलबाहेरची रात्र म्हणजे कॅफे. मोठ्या शहरांतल्यासारखे नाइटलाइफ शोधत येणाऱ्याने आधीच समजून घ्यावे की इथली रात्र आठला रंगू लागते आणि अकराच्या आसपास संपते. त्यापुढे जे चालते ते बंद दाराआड. मनालसूच्या काठावरचे कॅफे १९४७ हे यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव, आणि ती प्रसिद्धी त्याने वाद्यसंगीताच्या व गाण्यांच्या संध्याकाळींनी कमावली आहे. एक गायक, एक गिटार, फार तर कहोन, म्हणजे वर बसून वाजवायचा खोक्यासारखा ढोल, आणि पलीकडे काळोखात पाण्याचा आवाज. गाण्यांची यादी गावभर जवळपास एकच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली हिंदी चित्रपटगीते, इंग्रजीतली दोन-चार सर्वांना पाठ असलेली, आणि शेवटी पंजाबी. तरीही समोरासमोर बसून ऐकण्यात एक मजा आहे, विशेषतः गायक स्वतःचे काही म्हणू लागतो तेव्हा. दुर्दैवाने नेमके त्याच वेळी श्रोत्यांचे लक्ष भ्रमणध्वनीकडे जाते. लेझी डॉगमध्ये पाण्याकडेच्या जागा चांगल्या आहेत आणि तिथे बोलणे ऐकू येते, हा गुण मी फार मोठा मानते. डिलन्समध्ये दारू नाही, रात्रीचा झगमगाट नाही, पण कॉफी आणि चॉकलेटचे तुकडे घातलेली गरम कुकी यांसाठी संध्याकाळी जागा मिळत नाही. एकट्या बाईला वही काढून निवांत बसायला गावात याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

खाण्याबाबत कॅफेंच्या यादीवर फार विसंबू नये. पानोपानी इस्रायली, इटालियन, तिबेटी आणि मेक्सिकन पदार्थ असतात, कारण इस्रायली तरुणांचे इथे वर्षानुवर्षे येणे-जाणे आहे आणि काही पाट्या आजही हिब्रूत दिसतात. शक्शुका (टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली अंडी) आणि हुमूस (काबुली चण्यांची चटणी) बऱ्यापैकी मिळतात. पिझ्झा लाकडाच्या भट्टीतला असेल तरच मागवावा. ट्राउट मासा या खोऱ्यात पाळला जातो, तेव्हा तो ताजा असतो आणि त्याच्यावर क्रीमचा सॉस ओतायला सांगणे म्हणजे त्या माशावर अन्याय आहे; नुसता लिंबू-लसणावर भाजलेला घ्यावा. गोड खाणाऱ्यांसाठी ‘हॅलो टू द क्वीन’ नावाचा एक प्रकार आहे: तळाला बिस्किटांचा चुरा, वर केळी, आइसक्रीम आणि गरम चॉकलेट. हॉस्टेलात ओळख झालेल्या चौघांनी एकाच बशीत चार चमचे घालून तो संपवायचा असतो. पण रात्री भूक खरी लागलेली असेल तर सिड्डू विचारावा. आंबवलेल्या गव्हाच्या पिठात अक्रोडाचे किंवा डाळीचे सारण भरून तो वाफवतात, कापून वर तूप सोडतात, आणि एक खाल्ला की पहाटेपर्यंत थंडी वाजत नाही. तो कॅफेत क्वचित चांगला मिळतो. गावातल्या बायकांनी चालवलेल्या लहान खाणावळींत चांगला मिळतो, आणि त्या साडेआठलाच आवरू लागतात.

रात्रीच्या सुरक्षिततेविषयी मला दोन गोष्टी स्पष्ट लिहायच्या आहेत. पहिली वाटेची. कॅफेंचा रस्ता संपला की वरच्या गावात दिवे विरळ होतात, पायऱ्या दगडी आणि ओल्या असतात, हिवाळ्यात त्यांच्यावर काचेसारखे बर्फ धरते, आणि भटकी कुत्री रात्री आपापली हद्द राखतात. डोक्याला बांधायचा टॉर्च हवाच, मोबाइलचा उजेड एका हाताला अडकवून ठेवतो आणि पाय घसरल्यावर तोच हात लागतो. हॉस्टेलची टोळी जमवून परतण्याचा खरा फायदा इथे आहे. महिलांसाठीचा वेगळा डॉर्म बऱ्याच ठिकाणी आहे, पण त्याचे दार आतून कडी लागणारे आहे का आणि स्नानगृह त्याच मजल्यावर आहे का, हे पाहिल्याशिवाय मी पैसे भरत नाही. मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक स्नानगृहाकडे रात्री दीड वाजता कॉमन रूममधून जावे लागत असेल, तर तो डॉर्म नावापुरताच महिलांचा.

दुसरी गोष्ट चरसची. कुल्लू खोऱ्यात तो सहज मिळतो, एवढ्यावरून तो चालतो असा समज तरुणांत दिसतो आणि काही हॉस्टेले तो समज मोडण्याची तसदी घेत नाहीत. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात १०० ग्रॅमपर्यंतचा चरस ‘अल्प प्रमाण’ धरला जातो, पण त्यालाही एक वर्षापर्यंतची सक्तमजुरी होऊ शकते. कॉमन रूममध्ये खुलेआम चिलीम फिरत असेल तर पोलिसांची धाड पडेल तेव्हा न ओढणाऱ्याचीही रात्र ठाण्यात जाऊ शकते. अशा वेळी तिथून उठून जाणे हा घमेंडखोरपणा नाही. गाव बदलायचे नसेल तर हॉस्टेल बदलावे, शंभर पावलांवर दुसरे असते.

ज्यांना ओल्ड मनालीची संध्याकाळ हवी पण रात्र नको, त्यांच्यासाठी बियासच्या पलीकडचे वशिष्ठ गाव आहे. तिथेही हॉस्टेले आणि कॅफे आहेत, परंतु गावाचा जीव देवळात आणि गरम पाण्याच्या कुंडांत आहे. स्त्री-पुरुषांसाठी कुंडे वेगळी आहेत आणि पहाटेच गावकरी तिथे आंघोळीला येतात, त्यामुळे रात्री जागरण करणाऱ्यांचे तिथे फारसे जमत नाही. हॉस्टेलातल्या गीझरपुढच्या रांगेवरही तो उत्तम उपाय आहे. अडचण एकच: रात्री ओल्ड मनालीत गाणे ऐकून वशिष्ठला परतायचे म्हटले की रिक्षा मिळणे भाग्यावर आणि भाडे चालकाच्या मर्जीवर. जाताना चालत जावे, येतानाची सोय आधी ठरवावी.

दरांचे सांगायचे तर डॉर्ममधली खाट गर्दी नसताना साधारण ५०० ते ८०० रुपयांत मिळते. मे-जूनमध्ये, नाताळच्या आठवड्यात आणि लांब सुट्ट्यांना तीच १,२०० ते १,५०० वर जाते. त्या किमतीत दोघांनी मिळून गावातल्या होमस्टेची स्वतंत्र खोली घेणे अधिक शहाणपणाचे. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर मला सर्वांत योग्य वाटतो. पाऊस ओसरलेला असतो, बागांत सफरचंदांच्या पेट्या भरण्याची लगबग आवरत आलेली असते, आणि कॉमन रूममध्ये दहा-बारा माणसे असतात, म्हणजे गोल करून बसता येते आणि कोणाचे नाव विसरायला होत नाही. जानेवारीत जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. मकरसंक्रांतीपासून ४२ दिवस गोशाल आणि आसपासच्या गावांतले लोक देव स्वर्गात गेले आहेत म्हणून मौन पाळतात. टीव्ही लावत नाहीत, फोन वाजू देत नाहीत, शेतात काम करीत नाहीत, मंदिरे बंद असतात. गोशाल ओल्ड मनालीपासून लांब नाही. बर्फ पाहायला आलेल्या टोळ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि मोकळ्या दरीत रात्री लावलेला स्पीकर फार लांबवर ऐकू जातो. ज्या हॉस्टेलच्या स्वागतकक्षात ही माहिती लावलेली दिसली, त्याला माझ्या लेखी इतर चार उणिवा माफ आहेत.

नियमांच्या बाबतीत माझी एक तक्रार आहे. काही हॉस्टेले वयाची वरची मर्यादा घालतात, चाळीस किंवा पंचेचाळीस, आणि काही ठिकाणी स्थानिक ओळखपत्र असलेल्याला खाट देत नाहीत. परदेशी पाहुण्यांचे पारपत्र मागणे समजू शकते, कारण त्यांची नोंद चोवीस तासांत सरकारला कळवणे यजमानावर बंधनकारक आहे. पण चाळिशी उलटलेल्या बाईला दारात थांबवून, इथे गोंगाट असतो, तुम्हाला आवडणार नाही, असे हसून सांगणे म्हणजे आपल्या हॉस्टेलात गोंगाटाखेरीज देण्यासारखे काही नाही, अशी कबुलीच झाली. कॉमन रूममधल्या सर्वांत चांगल्या गप्पा मी साठीतल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडून ऐकल्या आहेत, आणि मॅफियाच्या खेळात त्यांना शेवटपर्यंत कोणी ओळखू शकले नव्हते.

शेवटच्या दिवसाची चौकशीही आधीच करावी. खोली सोडायची वेळ सकाळी दहा किंवा अकरा असते आणि दिल्लीची वोल्वो दुपार कलल्यानंतर किंवा संध्याकाळी निघते. मधले पाच-सहा तास सॅक ठेवू देतात का, कॉमन रूममध्ये बसू देतात का आणि निघण्यापूर्वी आंघोळीचे वेगळे पैसे घेतात का, यावर प्रत्येक हॉस्टेलचे धोरण निराळे असते. पहाटेच्या बसने येणाऱ्यालाही हाच प्रश्न उलट बाजूने पडतो, कारण खाट दुपारी बारा-एकनंतरच मिळते. एका ठिकाणी रात्रभराच्या प्रवासानंतर मला दारातल्या बाकावर बसवून ठेवले, तर दुसऱ्या ठिकाणी न मागता चहा आणि तंदूरजवळची गादी मिळाली, आणि दोन्हींचे दर त्या आठवड्यात सारखेच होते.